विदूषकाविना विनोद : भवभूतीच्या नाटकांतील पुरोहितवर्ग

भवभूतीच्या तीन नाटकांपैकी एकातही विदूषक नाही. ही वस्तुस्थिती संस्कृत नाट्यविषयक विवेचनात इतक्या वेळा नोंदवली गेली आहे, की तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्षही वस्तुस्थितीइतकाच निर्विवाद वाटू लागला आहे. भवभूती गंभीर प्रकृतीचा होता, त्याला हास्याचे वावडे होते, कालिदासाजवळ असलेली स्मितरेषा त्याच्याजवळ नव्हती, असे पदव्युत्तर वर्गाच्या टिपणांत आपण वर्षानुवर्षे उतरवून घेत आलो आहोत. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. विदूषक म्हणजे विनोद, हे समीकरण त्याच्या मुळाशी आहे आणि ते तपासून पाहण्याची गरज आहे. विदूषकाला वगळून भवभूतीने हास्याला रजा दिली नाही, त्याचे ठिकाण बदलले, अशी माझी धारणा आहे. ज्या ठिकाणी त्याने ते नेले ते म्हणजे धर्मकृत्य हेच ज्यांचे नित्याचे काम, अशा माणसांच्या कामातील अडचणीची जागा होय. पुरोहित, आचार्य, परिव्राजिका, आश्रमातील बटू यांच्या व्यवसायात नियम आणि प्रसंग यांची गाठ पडते, तेव्हा जे अवघडलेपण निर्माण होते त्याचा हा विनोद आहे. मराठी विनोदविचाराने या प्रकाराची स्वतंत्र दखल घेतल्याचे दिसत नाही.

विदूषकही जातीने ब्राह्मण असतो, हे येथे आरंभीच लक्षात घ्यावयास हवे. 'शाकुंतला'तील माढव्य, 'मालविकाग्निमित्रा'तील गौतम, 'मृच्छकटिका'तील मैत्रेय, 'रत्नावली'तील वसंतक ही सारी मंडळी ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतात, मोदकावर त्यांचे लक्ष असते आणि वेदविद्येशी त्यांचे नाते नावापुरते असते. (मैत्रेय या साच्यात पुरता मावत नाही, हे मान्य. पण शूद्रकाच्या नाटकात साच्यात मावते तरी काय?) विदूषकावर प्रेक्षक हसतो ते त्याच्यात ब्राह्मण्याचा अभाव आहे म्हणून. म्हणजे हा विनोद ब्राह्मणाच्या कर्माचा नसून कर्महीनतेचा असतो. खरा पुरोहित, खरे कर्म, खरा विधी यांना त्याचा धक्का पोहोचत नाही. गो. के. भट यांनी विदूषकाच्या उत्पत्तीचा आणि विकासाचा जो विस्तृत मागोवा घेतला, त्यातून या पात्राचा सांकेतिकपणा स्पष्ट होतो. संकेत जितका पक्का, तितके त्याचे हास्य निरुपद्रवी. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांच्या नाटकांतही विदूषक अवतरला तो सूत्रधाराशी हुज्जत घालण्यापुरता.

दुसरा प्रकार प्रहसनाचा. भवभूतीच्या सुमारे शंभर वर्षे आधी पल्लव राजा महेंद्रवर्मा याने 'मत्तविलास' लिहिले. त्यातील मद्यपी कापालिक, मद्याच्या आशेने झुरणारा बौद्ध भिक्षू आणि पाशुपत यांच्या भांडणात धर्मजीवी माणसांची मनसोक्त टिंगल आहे. हे हास्य धारदार आहे, परंतु ते बाहेरून येते. भिक्षू लोभी आहे, म्हणून हास्यास्पद आहे. तो निर्लोभ असता तर हसण्यासारखे काही उरले नसते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याच्या पोह्यां'त श्रावणीसारख्या विधींचा जो समाचार घेतला, तोही जातकुळीने याच प्रकारात मोडतो. फरक एवढाच, की तेथे टीकेमागे सुधारकाची भूमिका उभी आहे. कर्मकांड निरर्थक आहे हे आधीच ठरलेले असल्यामुळे ते करणाऱ्या माणसाची कोंडी सुदाम्याला जाणवण्याचे कारण राहत नाही.

भवभूतीची स्थिती याहून अगदी वेगळी होती. आपल्या कुळाची जी माहिती त्याने प्रस्तावनांतून दिली आहे, ती संस्कृत नाटककारांच्या मानाने असाधारण तपशिलाची आहे. विदर्भातील पद्मपूर हे गाव, तैत्तिरीय शाखा, काश्यप गोत्र, उदुंबर हे कुलनाम, पंचाग्नी बाळगणारे, सोमपान करणारे, पंक्तिपावन असे पूर्वज, पाचव्या पिढीतील वाजपेययाजी महाकवी, आजा भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे प्रतिपादन केले. पद्मपुराहून दिल्या गेलेल्या एका वाकाटक ताम्रपटाचा, दुर्ग येथे सापडलेल्या अपुऱ्या पत्र्याचा, या स्थलनिश्चितीशी संबंध आहे. हे गाव आज गोंदिया जिल्ह्यात असले तरी १९९९ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यात होते आणि भंडाऱ्याच्या मंडळींनी भवभूतीला आपला मानले ते त्याच आधारावर. इतर स्थळेही सुचविली गेली आहेत. मला मिराशींचे मत अधिक सयुक्तिक वाटते, पण माझे पुढील विवेचन त्यावर अवलंबून नाही. ते अवलंबून आहे 'पंक्तिपावन' या शब्दावर. ज्यांच्या बसण्याने जेवणाची पंगत शुद्ध होते ते पंक्तिपावन. म्हणजे कोणी कोठे बसावे, काय वाढले जावे, कोणासाठी काय शिजावे, हे ज्या घरात व्यवसायाचे ज्ञान होते, अशा घरातून हा नाटककार आला होता. पुढे यशोवर्म्याच्या कनोजच्या दरबाराशी त्याचा संबंध आला, हे 'राजतरंगिणी'वरून कळते. परंतु त्याच्या विनोदाची जमीन दरबारी नाही, ती श्रोत्रियाच्या घरातली आहे.

या दृष्टीने 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकाचा प्रवेशारंभ पाहण्यासारखा आहे. वाल्मीकीच्या आश्रमातील दोन बटू, सौधातकी आणि दंडायन (काही प्रतींत भांडायन), बोलत आहेत. आश्रमात थोर पाहुणे आल्यामुळे अनध्याय झाला आहे. सौधातकी खुशीत आहे आणि सुट्टी मिळवून देणाऱ्या पिकल्या दाढ्यांचे तो मनापासून स्वागत करतो. (महाविद्यालयात तपासणी समिती येते त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर दिसणारा भाव आणि हा भाव यांत मला तरी काही फरक दिसत नाही.) म्हाताऱ्या बायकांचा तांडा घेऊन आलेला हा पाहुणा कोण, असे तो विचारतो. तो वसिष्ठ आहे, असे दंडायन बजावतो. तेव्हा सौधातकी म्हणतो, की मला वाटले हा वाघ किंवा लांडगा असावा. कारण काय, तर तो येताक्षणीच बिचाऱ्या कपिलेच्या कालवडीचा फडशा पडला.

दंडायन गंभीरपणे शास्त्र सांगतो. श्रोत्रिय अतिथी आला असता समांस मधुपर्क द्यावा, असे धर्मसूत्रकार सांगतात. सौधातकी ताबडतोब त्याला पकडतो. आज जनक आला, त्याला तर नुसते दही आणि मध दिले आणि कालवड सोडून दिली, ते कसे? दंडायनाला भेद करावा लागतो. ज्यांनी मांस वर्ज्य केलेले नाही त्यांच्यासाठी तो विधी, आणि जनकाने मांस वर्ज्य केले आहे. का केले? सीतेवर ओढवलेला प्रसंग कानी आल्यापासून तो वानप्रस्थ झाला आणि तपश्चर्या करीत राहिला, म्हणून.

हा संवाद बहुधा 'प्रेक्षकांना थोडा विरंगुळा' म्हणून बाजूला सारला जातो. वर्गात तर तो भराभर ओलांडला जातो आणि त्याचे कारण कालवडीत आहे, हे उघड आहे. निबंधकारांनी मधुपर्कातील गवालंभ पुढे कलिवर्ज्यांत टाकला, आणि आधुनिक अध्यापकाने तो वगळण्याच्या भागात टाकला, एवढेच. परंतु हा संवाद वगळला की चौथ्या अंकाचा पायाच निखळतो.

प्रथम या विनोदाची घडण पाहू. सौधातकी वसिष्ठाला लोभी म्हणत नाही, अडाणी म्हणत नाही, दांभिकही म्हणत नाही. तो कार्यावरून कारणाचे अनुमान करतो. कालवड गेली, अर्थात श्वापद आले. अनुमानाची रीत निर्दोष आहे. बिघडले आहे ते एवढेच, की ज्या विश्वात कालवड दुसऱ्याही कारणाने जाऊ शकते, ते शास्त्रीय विश्व त्याने क्षणभर बाजूला ठेवले आहे. पुढे तो मित्राला 'निगृहीत' झालास असे म्हणतो, तो शब्द न्यायशास्त्रातील वादपद्धतीचा आहे. स्वतःला व्याकरण, मीमांसा आणि न्याय यांचा ज्ञाता म्हणविणाऱ्या नाटककाराने शास्त्राचीच हत्यारे एका सुट्टीखोर बटूच्या हाती दिली आहेत. दंडायन संस्कृतात बोलतो आणि सौधातकी प्राकृतात. ब्राह्मण असून प्राकृत बोलणारे, गुरुजनांची भीड न बाळगणारे हे पात्र आपल्या परिचयाचे आहे. विदूषक नाहीसा झालेला नाही, वयाने लहान होऊन तो आश्रमात विद्यार्थी म्हणून दाखल झाला आहे. मात्र जुन्या विदूषकाला वेद येत नव्हता, याला येतो आहे, आणि म्हणून याचे हसणे अधिक अडचणीचे ठरते.

हीच कालवड भवभूतीने आधी एकदा वापरली होती. 'महावीरचरिता'च्या तिसऱ्या अंकात क्रुद्ध परशुरामाला शांत करण्यासाठी वडीलधारी ऋषिमंडळी त्याला सांगतात, की तुझ्यासाठी कालवड मारली जात आहे, तुपात अन्न शिजते आहे, तू श्रोत्रिय आहेस आणि श्रोत्रियाच्या घरी आला आहेस, तर आमचा स्वीकार कर. तेथे हा आतिथ्याचा सर्वोच्च उच्चार आहे, श्लोकबद्ध आहे, संस्कृतात आहे आणि वक्त्याच्या मनात त्याविषयी लवमात्र शंका नाही. तोच विधी 'उत्तररामचरिता'त खालून, प्राकृतात, बटूच्या नजरेने दिसतो. एकाच लेखकाने एकच धर्मकृत्य दोन नाटकांत अशा दोन बाजूंनी दाखवावे, हा योगायोग मानणे मला कठीण जाते. या दोन नाटकांच्या दरम्यान श्रद्धा ढळली असे म्हणण्याचे कारण नाही. ढळली आहे ती बघण्याची जागा.

आता या विनोदाचे नाटकातील कार्य. वसिष्ठ हा रघुकुलाचा पुरोहित. राजाला सल्ला देणे हे त्याचे काम. पण सीतात्यागाच्या वेळी तो अयोध्येत नव्हता. जावयाच्या, म्हणजे ऋष्यशृंगाच्या, बारा वर्षांच्या सत्रात तो गुंतला होता. पहिल्या अंकात अष्टावक्र त्याचा निरोप घेऊन येतो. निरोपाचा आशय असा, की आम्ही येथे यज्ञात अडकलो आहो, तू वयाने लहान, राज्य नवे, तेव्हा प्रजेचे रंजन करण्यात तत्पर राहा. सीतेला वीरमाता होण्याचा आशीर्वाद, आणि अरुंधती व सासवांकडून तिचे डोहाळे पुरविण्याची सूचना. दूर गेलेल्या कोणत्याही कुलोपाध्यायाने पाठवावे असे हे पत्र आहे. त्यात चूक काढण्यासारखे काहीच नाही, आणि त्यातले वाक्य न् वाक्य पुढे अनर्थाला कारण होते. प्रजारंजनासाठी प्रसंगी जानकीचाही त्याग करीन, असे उत्तर राम देऊन बसतो. डोहाळे पुरविण्यासाठी सज्ज केलेला रथच सीतेला अरण्यात नेतो. कामात व्यग्र असलेल्या धर्माधिकाऱ्याने ठरावीक शब्दांत दिलेला ठरावीक उपदेश किती भयंकर होऊ शकतो, याचे इतके शांत चित्रण संस्कृत नाटकात दुसरे नसावे.

सत्र संपले तेव्हा अरुंधतीने सुनेवाचून अयोध्येत पाऊल ठेवणार नाही असे सांगितले आणि कौसल्यादी राण्यांनी तिला दुजोरा दिला. हे आपल्याला दुसऱ्या अंकात आत्रेयीकडून कळते. म्हणजे वसिष्ठ वाल्मीकीच्या आश्रमात आला आहे तो, स्वतःच्या यजमानाच्या घरी जाण्याची सोय राहिली नाही म्हणून. संपूर्ण नाटकात तो रंगभूमीवर एकदाही येत नाही. प्रेक्षकापर्यंत तो पोहोचतो तो पहिल्या अंकात एका निरोपाच्या रूपाने आणि चौथ्या अंकात एका जेवणाच्या रूपाने. सौधातकीच्या थट्टेला येथे निराळीच धार येते. एकाच कुटुंबावर एकच आपत्ती आली. मुलीच्या बापाने मांस सोडले. कुलाच्या पुरोहिताने सोडले नाही, आणि सोडण्याचे त्याला शास्त्रतः कारणही नव्हते. दोन पाहुण्यांपुढे ठेवलेल्या दोन मधुपर्कांतील अंतर म्हणजे या दुःखाशी दोघांच्या असलेल्या नात्यातील अंतर होय. बटूला यातले काही ठाऊक नाही. तो मित्राला वादात हरविण्याच्या आनंदात एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर म्हणून समोर सीता येते.

त्यानंतर अंकात जे घडते, ते आपण करुणाचा परमोत्कर्ष म्हणून वाचतो. जनक आणि कौसल्या यांची भेट, व्याही-विहिणींनी एकमेकांकडे न बघता उभे राहणे, जनकाने कंचुकीला विचारलेले कौसल्येचे कुशल आणि त्यात 'प्रजापालकाची माता' म्हणून तिचा केलेला उल्लेख. हा उपरोध प्रजारंजनाच्या त्या पहिल्या निरोपापर्यंत मागे जाऊन पोहोचतो. करुणाच्या आधी हास्य ठेवून विरोधाने करुण उठावदार केला, असे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. या हास्यातूनच करुणाचे कारण बाहेर येते.

भरताने हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष, विकृत आकार, असंबद्ध बोलणे अशी यादी दिली आणि स्मितापासून अतिहसितापर्यंतचे सहा प्रकार हसणाऱ्याच्या दर्जानुसार वाटून दिले. या चौकटीत विदूषक चपखल बसतो, सौधातकी बसत नाही. तो विकृत नाही, असंबद्ध तर मुळीच नाही. केळकरांपासून पुढे मराठी विनोदमीमांसेने विसंगतीच्या तत्त्वावर भर दिला, त्याने थोडे पुढे जाता येते. बर्गसाँने समारंभांविषयी जे म्हटले आहे ते इथे अधिक उपयोगी आहे. शरीराला जसा पोशाख तसा समाजाला समारंभ, आणि त्यातला हेतू विसरून आकार तेवढा पाहिला की तो हास्यास्पद होतो. सौधातकी नेमके हेच करतो, मधुपर्कातील हेतू वगळून क्रिया तेवढी पाहतो. मात्र हास्यासाठी हृदय तात्पुरते बधिर व्हावे लागते, अशी बर्गसाँची अट आहे. भवभूतीच्या या प्रसंगाने ती अट मोडते. येथे हसण्याची वाट थेट सहानुभूतीत उतरते.

बाख्तीनने मध्ययुगीन युरोपातील कनिष्ठ धर्मसेवकांच्या हास्योत्सवांकडे लक्ष वेधले. वर्षातील ठरावीक दिवशी खालच्या पायरीवरील पाद्र्यांना आपल्याच विधींची, आपल्याच वरिष्ठांची नक्कल करण्याची मुभा असे. इस्टरच्या दिवशी चर्चमध्ये हसण्यालाही जागा होती. सौधातकीचा अनध्याय हा असाच मुभेचा दिवस आहे. अध्ययन चालू असताना हा संवाद संभवला नसता. पण उत्सवातील उलथापालथ उत्सवाबरोबर संपते, आणि बाख्तीनच्या मराठी अनुयायांना उत्सवाचेच आकर्षण अधिक असल्यामुळे दुसऱ्या दिवशी काय उरते, याची चौकशी होत नाही. येथे उरतो तो प्रश्न दंडायनाच्या उत्तराने मिटलेला नाही.

आश्रमजीवनाच्या कामकाजातील अडचणींकडे भवभूतीची नजर सतत जाते. आत्रेयी वाल्मीकीचा आश्रम सोडून अगस्त्याकडे वेदान्त शिकायला निघाली आहे. का? दोन अडथळे. एक, कुश आणि लव इतके तल्लख की त्यांच्याबरोबर इतरांचा निभाव लागत नाही. दोन, आचार्य रामायण लिहिण्यात गढले आहेत. मार्गदर्शक ग्रंथलेखनात मग्न असल्यामुळे विद्यापीठ बदलणारी ही पहिली संशोधक विद्यार्थिनी म्हणावयास हरकत नाही. त्याच चौथ्या अंकात पुढे बटूंना घोडा दिसतो. पोथीत वाचलेला प्राणी प्रत्यक्ष समोर आल्यावर ते शेपूट, खूर, गवत, लीद अशी त्याची लक्षणे उत्साहाने मोजतात. हे हास्य सौम्य आहे आणि येथे त्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

'मालतीमाधवा'तील कामंदकीचा विचार मात्र करावयास हवा. ती बौद्ध परिव्राजिका. अमात्य भूरिवसू आणि देवरात यांनी विद्यार्थिदशेत आपल्या मुलांचे लग्न करण्याचे वचन एकमेकांना दिले, त्या वेळी ती साक्षी होती. आता राजाला भूरिवसूची मुलगी मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यावयाची आहे. अमात्य उघड विरोध करू शकत नाही, म्हणून हे प्रेमविवाहाचे कारस्थान कामंदकीवर येऊन पडते. नाटकाच्या आरंभीच तिची शिष्या अवलोकिता आश्चर्य व्यक्त करते, की चीवर नेसून भिक्षेवर राहणाऱ्या भगवतीला अमात्याने या खटाटोपाला का जुंपावे? 'मत्तविलासा'तील भिक्षूला हा प्रश्न कोणी विचारला नसता, कारण तेथे उत्तर उघड होते. कामंदकीला लोभ नाही, कामना नाही. मैत्रीचे ऋण आहे. आणि ज्या वेषाने ती संसारातून बाहेर पडली, तोच वेष तिला अंतःपुरापर्यंत पोहोचण्याचा परवाना ठरतो.

दुसऱ्या अंकात ती मालतीला भेटते. स्वतःच्या मनाने वर निवड, असे परिव्राजिकेने कुलकन्येला सांगणे शक्य नाही. तेव्हा ती शकुंतलेची, उर्वशीची आणि दुसऱ्याला देऊ केलेली असताना उदयनाकडे गेलेल्या वासवदत्तेची उदाहरणे देते आणि लगेच म्हणते, की हे साहस आहे, असा उपदेश करता येत नाही. उपदेश करण्याचा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना आपला खरा उपदेश 'हा उपदेश नव्हे' असे म्हणूनच करावा लागतो, ही कोंडी भवभूतीने अचूक हेरली आहे. प्रेक्षक येथे हसतो, पण कामंदकी त्याच्या नजरेतून उतरत नाही.

या प्रकारच्या विनोदाचे आधुनिक मराठीत सर्वांत समर्थ उदाहरण कोणते, असे विचारले तर मी 'स्मृतिचित्रे'चे नाव घेईन. ही उडी अनेकांना लांबची वाटेल. स्थळाच्या दृष्टीने ती तशी लांबची नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रातील प्रसिद्ध प्रसंग, १८९३ साली नागपूर-राजनांदगाव प्रवासात अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी झालेली भेट, ज्या लोहमार्गावर घडला तो भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया यांवरून आमगावला जातो. एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार हाती ठेवावा आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगावे, हा धर्मोपदेशकाच्या कामातील एक नित्याचा आणि बहुधा फसणारा प्रसंग. हा फसला नाही. फेब्रुवारी १८९५मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

परंतु माझे साम्य स्थळाचे नाही. १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'कडे आपण आत्मचरित्र म्हणून, स्त्रीचे लेखन म्हणून, धर्मांतराचा दस्तऐवज म्हणून पुष्कळ पाहिले. धर्मसेवकाच्या घराचे आतून लिहिलेले वर्णन म्हणून फारसे पाहिले नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद सर्वांनी वाखाणला आहे, तो 'स्वभावसिद्ध' म्हणून. मला तो स्थानसिद्ध वाटतो. जगाला उपदेश करणाऱ्या माणसाच्या घरात त्याची पत्नीच त्या उपदेशाला वश झालेली नाही. ती त्याच्याकडे राहायला आली तरी तिचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. वरिष्ठ धर्मबंधूंपुढे, पाहुण्यांपुढे, नवख्रिस्ती शेजाऱ्यांपुढे ही दुसरी चूल पेटलेली आहे. टिळकांना ती विझविता येत नाही, कारण सक्तीने विझविली तर त्यांच्या उपदेशाचा अर्थच राहत नाही. लक्ष्मीबाई हे सारे सांगतात तेव्हा पतीच्या श्रद्धेविषयी अनादराचा एक शब्द येत नाही, आणि पतीच्या सर्वस्व देऊन टाकण्याच्या, न सांगता निघून जाण्याच्या ओढीमुळे घरातल्या डब्याचे काय झाले, हेही सुटत नाही. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांची नजर बदलत नाही. १९१७मध्ये टिळक मिशनपासून दूर होऊन संन्यस्त वृत्तीने राहू लागले, तेव्हा ख्रिस्ती संन्याशाच्या बायकोने काय करावयाचे हा प्रश्न कोणत्याही धर्मसूत्रात सोडविलेला नव्हता.

सौधातकीला मधुपर्कात जे दिसते ते लक्ष्मीबाईंना चुलीत दिसते. दोघेही व्यवस्थेच्या आत आहेत, खालच्या पायरीवर आहेत, आणि दोघांची भाषा व्यवस्थेच्या अधिकृत भाषेहून वेगळी, घरातली आहे. दोघांच्याही हसण्याने धर्मजीवी माणूस तुच्छ होत नाही. तो ज्या नियमाने बांधलेला आहे, तो नियम मात्र अन्नापाशी येऊन उघडा पडतो. आपल्याकडे पंगत, शिधा, सोवळे, भिक्षा यांभोवती असे लेखन किती विखुरलेले आहे, याचा शोध घेता येण्यासारखा आहे. 'लीळाचरित्रा'त भिक्षेच्या आणि जेवणाच्या लीळा पुष्कळ आहेत. चक्रधरांच्या आरंभीच्या सोबत्यांपैकी निळभट्टाच्या नावातच भांडारेकार, म्हणजे भंडाऱ्याचा, अशी ओळख आहे. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल. शिवाय तेथील हास्याचे केंद्र बहुतेक वेळा स्वामी स्वतःकडे ठेवतात, त्यामुळे या विवेचनाचा ताळा तेथे जसाच्या तसा जमेल, असे मला वाटत नाही.

भवभूती मराठीत येण्याचा इतिहास जुना आहे. परशुरामपंत गोडबोले यांचे 'उत्तररामचरित' १८५९चे, कृष्णशास्त्री राजवाडे यांचे 'मालतीमाधव' १८६१चे. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी संस्कृत कविपंचकात त्याचा समावेश केला. या साऱ्या परंपरेने आपल्याला करुणाचा कवी दिला, आणि तो खरा आहे. मात्र पुन्हा कोणी 'उत्तररामचरित' मराठीत आणावयास घेतले, तर त्याच्यापुढे पहिली अडचण सौधातकीची राहील. दंडायनाला प्रमाण मराठी देता येईल. सौधातकीला काय द्यावयाचे? त्याची प्राकृत ग्राम्य नाही, तेव्हा सोंगाड्याची बोली त्याला चालणार नाही. वैनगंगेकाठच्या झाडीबोलीचा जो अभ्यास साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी उभा केला, त्यानंतर ती बोली या बटूच्या तोंडी घालून पाहणे अशक्य राहिलेले नाही. प्रश्न फक्त एका क्रियापदाचा उरतो. कालवडीचे काय झाले हे सांगताना सौधातकी जो शब्द वापरतो, तो हाडे दाताखाली मोडतानाच्या आवाजाचे अनुकरण करून बनविलेला आहे. 'खाल्ली' म्हटले तर वसिष्ठ उरतो, 'फाडली' म्हटले तर लांडगा. मूळ शब्दात दोघेही एकाच वेळी चावताना ऐकू येतात.